साक्षीदार अजून गावात आहेत

नांदेड-लातूरहून आलेल्या इतिहास शिक्षक बंधू-भगिनींनो,

रेणुकामाता आणि दत्तप्रभूंच्या माहूरनगरीत स्वागत समितीच्या वतीने आपलं मनःपूर्वक स्वागत!

माहूरगडाचा इतिहास आपल्याला मी काय सांगणार? मला बोलायचंय ते पारावर बसलेल्या इतिहासाबद्दल. पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात १५ ऑगस्ट १९४७ ला तिरंगा चढला. अलीकडे निजामाचं राज्य होतं. आपल्याला १७ सप्टेंबर १९४८ उजाडेपर्यंत तेरा महिने वाट पाहावी लागली. तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलं आज नव्वदीला टेकली आहेत. ‘रझाकारीत मी एवढा होतो,’ असं हाताने उंची दाखवून सांगणारा माणूस ज्या गावात आहे, तिथल्या वर्गाने हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा धडा फक्त पुस्तकातून का शिकावा?

मात्र मुलांना वही देऊन नुसतं धाडू नका. ‘तेव्हा काय झालं?’ असं विचारलं की ऐकीव भाषणच हाती येतं. धान्य कुठे दडवलं, रात्री पहारा कोण देई, गाव सोडलं तर कोणत्या वाटेने, हे विचारायला शिकवा. आणि प्रत्येक उत्तरानंतर एक प्रश्न हवाच: ‘आजोबा, हे तुम्ही पाहिलंत की ऐकलंत?’ दोन आजोबांच्या सांगण्यात फरक पडला, तर या लढ्यावरचं अनंत भालेरावांचं पुस्तक उघडा आणि तिन्ही गोष्टी शेजारी ठेवा. पुरावा म्हणजे काय, हे मुलांना तिथे कळेल.

आणखी एक. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर मुस्लिम वस्त्यांनी जे सोसलं, त्याची नोंद सुंदरलाल समितीने केली. तीत नांदेडचंही नाव आहे. त्या वस्तीतल्या आजीचं, तांड्यावरच्या आणि कोलामपोडावरच्या म्हाताऱ्यांचं ऐकल्याशिवाय आपली वही पुरी होणार नाही.

लातूरच्या मंडळींकडे तर साक्षीदार घरातच आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप आजच्या विद्यार्थ्यांच्या आईवडिलांनी अनुभवला आहे. पण ज्यांनी माणसं गमावली, त्यांची आधी संमती घ्या, आणि ते थांबले की मुलांनीही थांबावं. ही सभ्यताही अभ्यासाचाच भाग आहे.

माहूर डोंगरातलं गाव; व्यवस्थेत काही उणं पडलं तर सांभाळून घ्या. दर्शन घ्या, आईचा तांबूल घेऊन जा. यजमान म्हणून मागणं एकच: येत्या मुक्तिसंग्राम दिनी झेंडावंदनानंतर भाषण आपण करू नका. तुमच्या विद्यार्थ्यांनी गावात टिपलेली एक आठवण, सांगणाऱ्यासमोर, मुलांनाच वाचू द्या.