चढणीच्या माशांची हरकत



मघाशी एका कविमित्रांनी मुळामाईवर कविता म्हटली. टाळ्याही चांगल्या पडल्या. कवितेत चंद्र होता, नावाडी होता, काठावरचा वड होता. मासा मात्र एकही नव्हता. नांद्यासारख्या मुळाकाठच्या गावात बसून बिनमाशाची नदी लिहायची आणि ऐकायची सवय आपल्याला लागली आहे. म्हणून आज अध्यक्ष या नात्याने मी साहित्याचे प्रवाह वगैरे सांगणार नाही, मासे सांगणार आहे. संमेलनाला हे शोभत नाही असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी मांडवाबाहेर चहा तयार आहे.

मृगाचा पहिला दणका बसला की कोरडे ओढे नदीला येऊन मिळतात. त्या रात्री नदीतला मासा पाण्याच्या उलटा निघतो. ओढ्यातून वर, बांधावरून उडी घेत भातखाचरात. मादीचे पोट अंड्यांनी टम्म असते. उथळ, गवताळ पाण्यात अंडी टाकायची, पिल्ले जरा वाढली की उतरत्या पाण्याबरोबर नदीत परतायचे, एवढाच त्यांचा बेत. आपला बेत काय असतो? बॅटरी, काठी, कोयता, पोते. ओढ्याच्या तोंडाला आडवे जाळे, आणि तेही आता मच्छरदाणीचे, म्हणजे बोटाएवढे पोरही सुटता कामा नये. सकाळी घरोघरी चढणीच्या माशांचे कालवण आणि तव्यावर गाबोळी. तिची चव मला सांगू नका, मी याच तालुक्यातला आहे. पण एका मादीच्या पोटातली हजारो अंडी आपण दोन घासांत संपवतो आणि मग दिवाळीत विचारतो, ‘नदीत हल्ली मरळ का दिसत नाही हो?’

यावर ठरलेले उत्तर पारावर तयार असते. नदी मारली ती सांडपाण्याने, आमच्या चार माशांनी काय होते! यातले निम्मे खरे आहे. मुळशी धरणातले पाणी वीज करायला घाटाखाली भिऱ्याला जाते, आणि जे थोडे आपल्याकडे येते त्यात सोसायट्यांची घाण मिसळते. त्याविरुद्ध जरूर भांडा, मी पुढे राहीन. पण घाण दुसऱ्याने सोडली म्हणून डोहात जिलेटिनची कांडी टाकायचा परवाना तुम्हाला कोणी दिला? कांडी फुटली की माशाच्या पोटातली हवेची पिशवी फाटते. बरेचसे मासे तळाशी बसतात आणि तिथेच कुजतात. वर तरंगलेले तेवढे गोळा करून बहाद्दर मोटारसायकलीवरून पसार. ब्लीचिंग पावडर ओतणारे आणि बॅटरीचा शॉक देणारे त्यांचेच भाऊबंद. वैशाखात नदी आटते तेव्हा मासा डोहातच जीव धरून राहतो. तो डोहच उडवला, तर मृगात चढायला उरणार कोण?

पाण्यात कांडी फोडणे आणि विष ओतणे बेकायदा आहे, आणि तेही आजपासून नाही. साहेबाने 1897 साली केलेल्या मत्स्यव्यवसाय कायद्यातच पाण्यात सुरुंग लावायला आणि विष घालायला बंदी होती. त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट होती, जी आपल्या सुशिक्षितांनी कधी वाचलीच नाही. जाळे कोणते वापरावे, कोणते पाणी बंद ठेवावे, असे नियम करायचे तर सरकारने त्यांचा मसुदा आधी प्रसिद्ध केला पाहिजे. म्हणजे लोकांचे ऐकून घ्यायची सोय गोऱ्या साहेबाच्या राज्यातही कागदावर होती. आपण वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ एवढे वाचतो, पान उलटतो आणि राशिभविष्य बघतो.

कोकणातल्या मच्छीमारांनी पान उलटले नाही. पर्ससीनचे अजस्र जाळे सगळा थवाच्या थवा गुंडाळून नेते, पारंपरिक होडीवाल्याला काही उरत नाही, असे ते वर्षानुवर्षे ओरडत राहिले. मोर्चे काढले, निवेदने दिली. सरकारला डॉ. सोमवंशी समिती नेमावी लागली आणि अखेर 5 फेब्रुवारी 2016 ला पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश निघाला. तो नीट पाळला जातो असे मी म्हणत नाही, दर्यावरची चोरी अजून चालू आहेच. पण दाद मागायला हातात कागद तरी आहे. 2023 साली 54 जातींच्या माशांची किमान लांबी ठरली. त्याहून लहान मासा धरायचा नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या किनाऱ्याला. आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण नदीकाठचे लोक पोती घेऊन ओढ्यावर!

आता शहरातून येणाऱ्या आपल्या निसर्गप्रेमी पाहुण्यांना दोन शब्द. तुम्ही भोयाच्या जाळ्याकडे बोट दाखवता, कारण ते दिसते. पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यावर पोट भरणाऱ्या भोयाला कोणत्या डोहात वाम बसते, कोणत्या ओढ्याने मासा आधी चढतो, हे पाठ असते. नियम करताना त्याला कोणी विचारतो का? सरकारी योजनेत कटला, रोहू, मृगळाचे बीज येते, चिलापीने तर आपणहून घर केले. नदीचा मूळ मासा कोणाच्याच यादीत नाही. कर्नल साइक्सने 1839 मध्ये मुळा-मुठेतल्या महासीराचे वर्णन छापून तो जगाला माहीत करून दिला. आपल्याला तो अजून माहीत व्हायचा आहे. देहूला आणि महाडजवळ वाळण कोंडीला देवाच्या नावावर मासा वाचला. पण प्रत्येक डोहावर देव कुठून आणणार?

तिथे हरकत माणसांनीच घ्यायला हवी. बाकी सगळ्या तालुक्यांनी गप्प बसावे, आपल्या मुळशीने नाही. 1921 साली याच खोऱ्यातल्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर धरणाला हरकत घेतली होती. ते हरले. पण आमची जमीन घेताना आम्हाला विचारले नाही, हे त्यांनी ठणकावून सांगितले. त्यांचे पणतू ग्रामसभेत रस्त्याच्या डांबरापलीकडे बोलत नाहीत!

जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला समिती आणि लोकांची नोंदवही दिली आहे. त्या वहीत भोई आणि जुने शेतकरी सांगतील ते डोह, ते ओढे, ते मासे नावानिशी लिहा. 1 मेच्या ग्रामसभेत ठराव घ्या की पहिल्या पावसापासून खाचरे भरेपर्यंत ओढ्याच्या तोंडाला जाळे लागणार नाही, आणि ज्यांचे पोट मासेमारीवर आहे त्यांची त्या दिवसांची सोय सरकारने करावी. तो ठराव मत्स्यव्यवसाय खात्याला पाठवा, पोच घ्या, पोच फाइलला लावा. असा आग्रह धरणारा ठराव मी आत्ता, याच व्यासपीठावरून मांडतो आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी इथे उभे राहून बोलावे. जेवणाच्या पंगतीत कुजबुज नको.