बटणांच्या रिकाम्या जागा

(महिला मेळाव्यातल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

सकाळपासून आपण रेशन, पाणी आणि कोर्टातल्या तारखांवर बोललो. आता ही बाई मोटारगाडीच्या वायरिंगवर बोलणार म्हटल्यावर काही जणींनी एकमेकींकडे पाहिलं. गाडी हा पैसेवाल्यांचा विषय, आपल्या चळवळीशी तिचा काय संबंध, असा तो प्रश्न होता. प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

आपल्या या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, ऑक्टोबर २०१० मध्ये एका दमात १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या गेल्या. किंमत साधारण ६५ कोटी रुपये. देशभर बातमी झाली. त्या गाड्यांबद्दल मी बोलत नाही. मी बोलते आहे पतपेढीचं कर्ज काढून घेतलेल्या, दहा-बारा वर्षं जुन्या छोट्या गाडीबद्दल. ती गाडी आज रात्रपाळी संपवून घरी येणारी नर्स चालवते, तालुक्याच्या शाळेत जाणारी शिक्षिका चालवते, वाळूजला जेवणाचे डबे पोचवणारी बाई चालवते. या बायकांच्या वाट्याला जवळजवळ नेहमीच सगळ्यात खालचं मॉडेल येतं. का येतं, आणि त्याचं आपण काय करू शकतो, एवढंच मला सांगायचं आहे.

कंपनी एकच गाडी तीन-चार प्रकारांत विकते. पत्रा तोच, इंजिनही बहुतेक वेळा तेच. खालच्या मॉडेलमध्ये मात्र स्टिअरिंगच्या बाजूला बटणांच्या जागी प्लास्टिकची कोरी झाकणं लावलेली असतात. तुम्ही पाहिली असतील. ते झाकण पक्कडीनं हलकेच काढलं, की कधी कधी मागे वायरही आलेली दिसते आणि तिच्या टोकाला कपलर लोंबकळत असतो. वरच्या मॉडेलसाठी टाकलेली वायर खालच्यातही आलेली असते, कारण दोन वेगवेगळ्या जोडण्या बांधण्यापेक्षा एकच बांधणं कंपनीला कधी कधी स्वस्त पडतं. नव्या गाड्यांत तर काही वेळा वायरही असते आणि यंत्रही असतं, फक्त गाडीच्या संगणकात ती सोय बंद ठेवलेली असते. आपल्या शेंद्र्याला २००१ साली स्कोडा गाड्यांची जुळणी सुरू झाली. त्या गाड्यांचे मालक घरी बसून, स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला लॅपटॉप जोडून अशा सोयी चालू करतात. गाडी सुटली की दारं आपोआप लॉक होणं, उतरल्यावर थोडा वेळ दिवे चालू राहणं, असल्या सोयी. म्हणजे वस्तू आपल्या दारात उभी असते, पण वापरायची परवानगी ऐपत पाहून मिळते.

हे मला कसं कळलं? मी वाळूज परिसरातल्या एका कारखान्यात ११ वर्षं वायर हार्नेस बांधले. हार्नेस म्हणजे गाडीभर पसरलेल्या सगळ्या वायरींची जुडी. गाडीची नसच म्हणा. मोठ्या फळीवर नकाशा काढलेला असतो, खुंट्या ठोकलेल्या असतात. रंग पाहून वायर टाकायची, टोक कपलरमध्ये बसवायचं, टेप गुंडाळायची, मग चाचणी. गाडीतलं बरंचसं काम यंत्रांनी घेतलं, हे काम अजूनही मोठ्या प्रमाणावर हातानंच होतं आणि ठिकठिकाणी ते बायकाच करतात. आम्हाला सांगायचे, 'बायकांची बोटं नाजूक, म्हणून तुम्हाला घेतो.' पगाराच्या वेळी मात्र आमची नावं अकुशल कामगारांच्या यादीत. नाजूक बोटं निसर्गानं दिली म्हटलं की कौशल्याचे पैसे द्यावे लागत नाहीत! शेकडो वायरी न चुकता लावणं हे शिकून आलेलं काम आहे. या कामाची किंमत जगाला मार्च २०२२ मध्ये कळली. युद्धामुळे युक्रेनमधले हार्नेसचे कारखाने बंद पडले आणि जर्मनीतल्या बड्या मोटार कंपन्यांना आपली उत्पादनं थांबवावी लागली. हार्नेस नाही तर गाडी नाही.

आता हाताच्या कामाकडे येते. माझी गाडी २०१२ सालची, सगळ्यात खालच्या मॉडेलची. तिच्यात मी चार गोष्टी घरी बसवल्या: मागे घेताना इशारा देणारे सेन्सर, चारही दारांचं सेंट्रल लॉकिंग, पट्टा न लावल्यास वाजणारा बझर, आणि गाडी बंद केल्यावर अर्धा मिनिट दिवे चालू ठेवणारा टायमर. शेवटची सोय चैनीची वाटेल. गल्लीतला खांबावरचा दिवा बंद असतो तेव्हा कुलूप उघडेपर्यंत समोर उजेड असणं म्हणजे काय, हे रात्री एकटीनं घरी येणाऱ्या बाईला विचारा.

काम अवघड नाही, शिस्तीचं आहे. गाडीत १२ व्होल्टची बॅटरी असते. काम सुरू करण्याआधी तिची ऋण बाजूची, काळी तार सोडवायची. धुक्याचे दोन दिवे बसवायचे असतील तर ५५ वॅटचे दोन, म्हणजे ११० वॅट. भागिले १२, म्हणजे नऊ अँपिअरच्या आसपास करंट. एवढा करंट डॅशबोर्डवरच्या बारक्या बटणातून नेला तर बटण वितळेल. म्हणून मध्ये रिले लावायचा. शेतातल्या मोटारीचा स्टार्टर आठवा: बोट बटणावर, पण भार स्टार्टर घेतो. रिले तेच करतो. बॅटरीपासून येणाऱ्या तारेवर, बॅटरीच्या जितक्या जवळ जमेल तितक्या जवळ फ्यूज. या दिव्यांना १५ अँपिअरचा, म्हणजे निळा. लाल १० चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा टाकायचा नाही, घरातल्या फ्यूजला जाड तार बांधण्यासारखंच ते आहे. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबराची बूच हवीच, नाहीतर हादऱ्यानं वायर सोलते आणि गाडी पेटू शकते. मूळ वायर कापायची नाही, कपलरला कपलर जोडायचा. वायर कापली की त्या भागाची वॉरंटी नाकारायला कंपनीला निमित्त मिळतं.

मागच्या सेन्सरचं तत्त्व वटवाघळासारखं आहे. आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडायचा, तो आदळून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर ओळखायचं. त्याला वीज रिव्हर्सच्या दिव्यातून घ्यायची, म्हणजे रिव्हर्स गिअर टाकल्यावरच तो जागा होतो. पण बंपरच्या अगदी खाली बसलेलं लेकरू त्याला दिसेलच असं नाही. मान वळवून पाहणं सुटत नाही.

कशाला हात लावायचा नाही, तेही सांगते. पिवळ्या आवरणातल्या वायरी आणि पिवळे कपलर सहसा एअरबॅगचे असतात, तिथे घरी काम करायचं नाही. ब्रेकच्या जोडणीला नाही. पट्ट्याचं बकल बदलायचं असेल तर वायर आपण जोडावी, पण बोल्ट वर्कशॉपमध्ये मापानं आवळून घ्यावा. आणि कायदा माहीत असावा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. बझर लावणं वेगळं आणि गाडीचा सांगाडा बदलणं वेगळं. शंका असेल तर आरटीओत विचारावं आणि विमा कंपनीलाही कळवावं.

कोणी म्हणेल, बाईनं कशाला वायरीत हात घालायचा? मोटारगाडीचा पहिला लांबचा प्रवास बाईनंच केला. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन जर्मनीत मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गेली, शंभराहून अधिक किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडली तिला मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. गाडीत नसलेली वस्तू वाटेत बसवून घेणारी पहिली बाई तीच असावी.

पण मैत्रिणींनो, घरी बसवून घेतलं म्हणजे प्रश्न सुटला, असं मी म्हणत नाही. सुरक्षितता ही वरच्या मॉडेलची चैन नाही, हे सरकारला मान्य करावं लागलं. १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या मोटारींत चालकाची एअरबॅग, पुढच्या दोन्ही पट्ट्यांचा इशारा, मागचे सेन्सर आणि वेगाचा इशारा सक्तीचे झाले. ताशी ८० किलोमीटरच्या वर इशारा, १२० च्या वर सतत. समृद्धी महामार्गावर हा आवाज कुणी कुणी ऐकला असेल. काल जी चैन होती ती एका अधिसूचनेनं गरज ठरली. मग तोपर्यंत खालच्या मॉडेलमध्ये बसलेल्यांचे जीव स्वस्त होते का?

आणि 'सुरक्षित' हे कुणाच्या मापानं? धडक-चाचणीतला नेहमीचा पुतळा पुरुषाचा, उंची १७५ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. बाईचा म्हणून वापरतात तो सुमारे १५० सेंटिमीटरचा, ५० किलोच्या आतबाहेरचा, मुळात पुरुषाचाच लहान केलेला. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात, समोरासमोरच्या धडकेत पट्टा लावलेल्या बाईला गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषापेक्षा ७३ टक्क्यांनी जास्त निघाली. सरासरी बाईच्या बांध्याचा, १६२ सेंटिमीटर आणि ६२ किलोचा पुतळा स्वीडनमध्ये २०२२ साली पुढे आला. आपल्याकडच्या बुटक्या बाईला पेडलपर्यंत पोचायला पुढे सरकावं लागतं, आणि सीट वर-खाली करायची सोय बहुधा वरच्याच मॉडेलमध्ये! छाती आणि स्टिअरिंग यांत निदान २५ सेंटिमीटर अंतर ठेवा. घरी गेल्यावर टेपनं मोजा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्या वायरीनं सोय येते त्याच वायरीनं पहारा येतो. माग काढणारं जीपीएसचं यंत्र बाजारात सहज मिळतं. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून घरातल्या सगळ्यांच्या संमतीनं लावलं तर तक्रार नाही. पण बायकोनं गाडी शिकली की तिच्या नकळत ते लावणारे नवरे आहेत. काही यंत्रांत रिलेही असतो, फोनवरून इंजिन बंद पाडता येतं. आमच्या केंद्रात आलेल्या एका बाईची गाडी माहेरच्या वाटेवरच बंद पडायची. गॅरेजवाल्याला दोष सापडत नव्हता. मी डॅशबोर्डच्या खाली हात घातला. कारखान्यातल्या टेपचा पीळ मला ओळखू येतो. मध्येच वेगळ्या टेपची गाठ लागली, तिच्या मागे काडेपेटीएवढा डबा, आत सिमकार्ड.

असं यंत्र १६ पिनांच्या सॉकेटमध्ये, डॅशबोर्डमागे किंवा बॅटरीजवळ शोधावं. सापडलं तर लगेच उपटू नका. उपटलं की त्याला कळतं, आणि मारहाणीचं घर असेल तर धोका वाढतो. फोटो काढा, जागा लिहून ठेवा, आपल्या कार्यकर्तीशी बोला आणि मग ठरवा. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात मानसिक छळ आहे, आणि घरातल्या सोयीसाधनांचा वापर अडवणं हा आर्थिक छळही आहे. बाईच्या पायाखालची गाडी फोनवरून बंद पाडणं माझ्या मते त्यात बसतं. वकील मैत्रिणींनी यावर काम करावं.

टॅक्सीतली दारंही बघा. मागची दारं आतून उघडू न देणारा चाइल्ड लॉक टॅक्सीत नको, असा नियम १ जुलै २०१९ पासून आहे. बसण्याआधी दाराच्या कडेची खिट्टी बघायला किती वेळ लागतो?

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं. हार्नेस बांधणाऱ्या बाईला कुशल कामगार म्हणा आणि तसा पगार द्या. जीव वाचवणारी कोणतीही सोय वरच्या मॉडेलसाठी राखून ठेवू नका. आयटीआयच्या मोटार आणि इलेक्ट्रिकच्या वर्गांत मुली जातील यासाठी आपण घरोघर बोलू. आणि प्रत्येक गटात निदान दोघींना फ्यूज, रिले आणि टेस्ट लॅम्प यांची ओळख असावी, जशी आपल्याला एफआयआरची आणि रेशनकार्डाची आहे. पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या रविवारी आपल्या केंद्राच्या अंगणात मी शिकवायला बसते. गाडी माझी असेल, टेस्ट लॅम्पही माझा. येताना एक पक्कड आणि एक जुनी ओढणी आणा, हात काळे होतात.