कोपलँड : दुकानात न पोहोचलेली प्रणाली



संयोजकांनी सांगितलं, तुझ्या कामाबद्दल पाच मिनिटं बोल. मी सॉफ्टवेअर तपासतो. आमचं बरंचसं काम बाहेर कुणाला दिसतच नाही, म्हणून आज अशाच एका न दिसलेल्या कामाची गोष्ट सांगतो.

१९९४ मध्ये अ‍ॅपलने मॅकिंटॉशसाठी नव्या ऑपरेटिंग सिस्टीमचं काम हाती घेतलं. नाव कोपलँड, अमेरिकन संगीतकार आरन कोपलँड यांच्यावरून. गरज खरी होती. तेव्हाच्या मॅकवर प्रत्येक प्रोग्रॅमने आपणहून दुसऱ्याला पाळी द्यायची, चाळीतल्या सामायिक नळासारखी. एकाने बादली हलवली नाही की सगळी चाळ खोळंबली! (सर, हसू नका, खरंच तसं होतं.) शिवाय मेमरीत भिंती नव्हत्या. एक प्रोग्रॅम बिघडला की शेजाऱ्यालाही घेऊन बुडायचा.

कोपलँडने हे बदलायचं होतं, पण जुने प्रोग्रॅमही चालायला हवे होते. माझ्या मते गाठ तिथेच बसली. ते प्रोग्रॅम सामायिक मेमरी गृहीत धरूनच लिहिलेले. म्हणून भिंत उभी राहणार होती ती प्रणालीच्या गाभ्याभोवती. रोजच्या वापरातले प्रोग्रॅम पुन्हा एकाच खोलीत. त्यात नवनव्या सोयींची भर पडत गेली, तारीख पुढे सरकत राहिली. निवडक डेव्हलपरांना चाचणीची प्रत मिळाली, तीही सारखी कोसळायची.

१९९६ मध्ये एलेन हॅनकॉक तंत्रज्ञानप्रमुख म्हणून आल्या. त्यांनी पाहणी केली आणि हे थांबवा म्हणून सांगितलं. ऑगस्टमध्ये कोपलँड रद्द झालं. असं बोलायला बहुधा नवीन माणूसच लागतो. शेजारच्या टेबलावरच्या मित्राची दोन वर्षं त्यात गेलेली असताना आतल्या माणसाची जीभ रेटत नाही. हे मी आमच्या क्षेत्रात जवळून पाहिलं आहे.

मग अ‍ॅपलने बाहेर शोध घेतला आणि डिसेंबरमध्ये स्टीव्ह जॉब्ज यांची नेक्स्ट कंपनी घ्यायचं ठरवलं. तिच्याच प्रणालीतून २००१ चं मॅक ओएस टेन आलं. तुमच्यापैकी ज्यांच्या हातात आयफोन आहे, त्यातही तिचाच वंश आहे.

आणि कोपलँडवर राबलेल्यांचं काय? जुलै १९९७ मध्ये मॅक ओएस ८ विकायला आली. तिच्या खिडक्यांचं करडं रूप कोपलँडसाठीच आखलेलं होतं. कोपलँडनंतर गर्शविन नावाची आवृत्ती ठरली होती. तिचं मात्र नुसतं नावच राहिलं.