बोअरचं पाणी आणि जुनी गाडी
(वासंतिक व्याख्यानमालेत हिंगोली येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय ‘जुन्या गाडीचं कूलंट घरच्या घरी कसं बदलावं’. ते मी सांगणारच आहे. पण आधी पाण्याचं बोलू द्या. माझं ठाम मत आहे की आपल्या जिल्ह्यात गाड्या वयानं जात नाहीत, बोअरच्या पाण्यानं जातात.

रेडिएटर काय करतो, पंप पाणी कसं फिरवतो, हे इथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही. मारुती ८०० तर आपल्यातल्या निम्म्यांच्या घरी होती. १९८३ साली ती आली, २०१४ साली बंद झाली, आणि सेनगाव-कळमनुरीच्या रस्त्यांवर आजही दिसते. तिच्यात कूलंट भरा म्हटलं की लोक विचारतात, सर, आपल्याकडं बर्फ कुठं पडतंय? कूलंट थंड मुलखासाठी, आपल्याला पाणीच बरं. बर्फ पडत नाही हे खरंय. पण मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, त्याचं काय? कूलंटमधलं ग्लायकॉल पाण्याचा उत्कलनबिंदू वर नेतं. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी असेल तर उघड्या भांड्यात ते साधारण १०७ अंशांना उकळतं. वर दाबाचं झाकण बसलं की आणखी वर जातं. आणि त्याहून मोठं काम करतं ते त्यात घातलेलं गंजरोधक रसायन. मारुतीचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. साध्या पाण्यात ते आतून खाल्लं जातं आणि वरून काही कळत नाही.

आता पाणी. आपण बसलोय ती जमीन काळ्या पाषाणाची, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची. पाणी त्याच्या भेगांतून झिरपतं आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेतं. त्यालाच आपण जड पाणी म्हणतो. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, माठाला बाहेरून पांढरं पडतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे २०० मिलिग्रॅम कठीणपणा चालतो, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत. म्हणजे माणसानं प्यायला हरकत नाही. इंजिनाला मात्र चालत नाही, कारण इंजिन ते पाणी तापवतं. तापलं की विरघळलेला चुना सुटतो आणि सगळ्यात गरम जागेवर, म्हणजे नेमका हेडपाशी, जाऊन बसतो. त्या थरातून उष्णता लोखंडापेक्षा वीसपटीहून अधिक हळू जाते. मग बाहेर काटा बरोबर दाखवतो आणि आत धातू भाजत राहतो.

(मागून एक श्रोते : सर, माझी कमांडर जीप वीस वर्षं बोअरच्याच पाण्यावर चालली, काही झालं नाही! हशा.)

किती टाकता?

(श्रोते : रोज सकाळी लोटाभर. मोठा हशा.)

हसू नका, त्यांचं उत्तर फार मोलाचं आहे. काका, धड असलेली गाडी रोज पाणी मागत नाही. ती मागतेय म्हणजे कुठून तरी गळतेय किंवा उकळून जातंय. आणि मी म्हणतो ते याच लोट्याबद्दल. समजा पाण्याचा कठीणपणा ४०० आहे. चार लिटर एकदाच भरलं तर त्यात चुना दीड ग्रॅमच्या आसपास. तेवढ्यानं काही बिघडत नाही. पण रोज अर्धा लिटर टाकलं तर वर्षाला १८० लिटर झालं, चुना सत्तर ग्रॅमच्या वर. वाफ उडून जाते, चुना आतच राहतो. त्यातला निम्मा जरी बसला, तरी रेडिएटरच्या त्या बारीक नळ्यांचं काय होणार? तुमच्या जीपचं इंजिन दणकट आहे म्हणून तिनं सोसलं. मी तुम्हाला खोटं पाडत नाही. पण सोसलं म्हणजे काही झालं नाही, हे मी मान्य करणार नाही.

(एक श्रोते : गळती असेल तर हळद टाकायची की! टाळ्या आणि हशा.)

टाळ्या वाजवणारच, हिंगोलीचा बाजारच हळदीचा आहे! ड्रायव्हर मंडळी हा उपाय करतात, मीही पाहिलाय. रस्त्यात, रात्रीच्या वेळी, बारीक छिद्र असेल तर हळदीची पूड फुगून ते बुजवते आणि माणूस घरी पोहोचतो. तेवढ्यापुरतं त्याला मी नावं ठेवत नाही. पण ती पूड गळतीचं छिद्र ओळखत नाही, चांगल्या नळ्याही बुजवते. घरी पोहोचल्यावर रेडिएटर उतरवून झाळून घ्या आणि आतली हळद धुऊन काढा.

पाण्याची ही लढाई आपल्याकडं जुनी आहे. पूर्णा-अकोला मार्गावर मीटरगेजच्या गाड्या वाफेवर चालायच्या. समोरच्या रांगेतल्या ज्येष्ठांना पूर्णा जंक्शनचा तो धूर आठवत असेल. (एक ज्येष्ठ श्रोते : आठवतोय!) त्या इंजिनांचा सगळा जीव पाण्यात होता. बॉयलरमध्ये चुन्याचा थर बसला की नळ्या भाजायच्या, फुटायच्या. म्हणून ठरलेल्या मुदतीनं इंजिन थंड करून बॉयलर धुवायचे. प्लग उघडायचे, जोरदार पाणी मारायचं, आतला चुना खरवडून काढायचा. जिथं पाणी फार जड तिथं त्यात आधी सोडा मिसळून चुना खाली बसवायचे. भट्टीच्या माथ्यावर शिशाचा एक प्लग असायचा. पाणी खाली गेलं की शिसं वितळायचं आणि वाफ भट्टीत सुटायची, म्हणजे फायरमनला इशारा. विचार करा, दिवसभर कोळसा ओढणारा, फारशी शाळा न शिकलेला माणूस पाण्याचा दर्जा आणि पातळी यावर जीव टांगून काम करत होता. पुढं डिझेल इंजिनं आली. रेल्वेनं त्यांच्यातही नळाचं पाणी भरलं नाही. क्षार काढलेलं पाणी आणि त्यात मोजून घातलेलं गंजरोधक रसायन, हाच नियम. अख्ख्या देशाची गाडी ओढणाऱ्यांना जे उमगलं, ते आपण आपल्या दारातल्या गाडीला का लावू नये? लोको शेडमध्ये तर पाण्याची तपासणी करून त्याची नोंद…

(अध्यक्षांकडून चिठ्ठी.)

दहाच मिनिटं उरलीत म्हणे. बरं, मुख्य काम भराभर सांगतो, लिहून घ्या.

सकाळी करा, इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. हातावर फडकं घेऊन केलं तरी भाजतं. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा. खाली पसरट टब ठेवा, वरचं झाकण काढा, रेडिएटरच्या तळाचा प्लग सोडा. प्लग गंजून बसला असेल तर जोर करू नका, खालच्या होजची क्लिप सैल करा. निघालेलं पाणी मोजा. गढूळ तांबडं असेल तर गंज आहे, वर तेलाचा तवंग असेल तर कूलंट बदलून भागणार नाही, गॅस्केट दाखवा.

मग स्वच्छ पाणी भरा, हीटर असेल तर तो पूर्ण गरमवर ठेवा, इंजिन थोडं चालवा, थंड होऊ द्या, सोडा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत हेच करा. शेवटचं धुणं बॅटरीच्या, म्हणजे डिस्टिल्ड, पाण्यानं, कारण थोडं पाणी ब्लॉकमध्ये उरतंच. ॲसिड टाकून साफ करू नका. जुन्या रेडिएटरचा चुना निघतो आणि त्याखालची छिद्रंही उघडी पडतात.

कूलंट तयार मिश्रण असेल तर तसंच भरा. घट्ट असेल तर बॅटरीच्या पाण्यात निम्मं-निम्मं करा. रंगावर विसंबू नका, हिरवं सगळं एकच नसतं. डब्यावर काय लिहिलंय ते गाडीच्या पुस्तिकेशी ताडून बघा. हळू भरा. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा, बुडबुडे येऊ द्या. वरचा होज गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. पातळी खाली जाईल, तेवढं भरून झाकण लावा. दुसऱ्या दिवशी थंड गाडीत बाटलीतली पातळी पुन्हा पाहा.

थर्मोस्टॅटवरून आठवलं. आपल्याकडं गरमी आहे म्हणून तो काढून फेकायचा, असं बरेच मिस्त्री सांगतात. मिस्त्री मंडळींचा मान राखून सांगतो, तसं करू नका. इंजिन ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या पुढंच नीट चालतं. त्याखाली राहिलं तर पेट्रोल जास्त जातं आणि आतली झीज वाढते.

(श्रोत्यांतील एक ताई : काढलेलं जुनं पाणी नालीत सोडलं तर चालतं का?)

नाही, ताई. हे फार महत्त्वाचं आहे, अध्यक्षांनी दोन मिनिटं द्यावीत. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधल्या भेसळीतून डायइथिलिन ग्लायकॉल पोटात गेलं आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोग त्याच चौकशीसाठी नेमला होता. आपल्या कूलंटमधलं इथिलिन ग्लायकॉल त्याच कुटुंबातलं, तेही मूत्रपिंड बंद पाडतं. आणि चवीला गोड असतं. नालीत सोडलं की कुत्रं चाटतं, वासरू पितं. अंगणात टब उघडा राहिला तर लेकरू बोट घालतं. काढलेलं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर ठळक ‘विष’ लिहा, आणि वापरलेली द्रव्यं नीट विल्हेवाटीला देणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडं पोहोचवा. पाण्याच्या किंवा तेलाच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरू नका. घरात कुणाच्या पोटात गेलंच तर उलटीची वाट बघू नका, डबा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.

बाकीचे प्रश्न खाली उतरल्यावर घेऊ. आणि बाहेर ज्यांच्या गाड्या उभ्या आहेत त्यांना विनंती आहे, उत्साहात आत्ताच झाकण उघडून बघू नका, इंजिन अजून गरम असेल.