ज्याचं लेखन, त्याचाच आवाज



नभोवाणीसाठी लिहिणाऱ्यांच्या आणि नभोवाणी मन लावून ऐकणाऱ्यांच्या या संमेलनाची अध्यक्ष म्हणून मी बोलते आहे. माझी मागणी एकच आहे. आकाशवाणीनं ब्लॉगलेखकांच्या लेखनाला नियमित वेळ द्यावी, आणि ते लेखन त्यांच्याच आवाजात ऐकवावं.

युनिकोड आल्यावर मराठीत कोण कोण लिहू लागलं, हे आठवून पाहा. रात्रपाळीची परिचारिका, एसटीचा वाहक, आखातात नोकरीला गेलेला तंत्रज्ञ, निवृत्तीनंतर गावच्या जत्रेची हकिकत लिहिणारे गुरुजी. यांपैकी कोणालाही संपादकाच्या होकाराची वाट पाहावी लागली नाही. पण हे लेखन ज्यांच्या जगण्यातून आलं, त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नाही. गुरुजींनी जत्रेवर लिहिलं, पण जत्रेतली म्हातारी माणसं पडद्यावरची बारीक अक्षरं वाचत नाहीत. ती रेडिओ ऐकतात. ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे ब्रीद मिरवणाऱ्या आकाशवाणीचं काम नेमकं इथे सुरू होतं.

सामान्य माणसांचं लेखन इतरांनी रेडिओवर कसं आणलं ते पाहू. अमेरिकेतल्या नॅशनल पब्लिक रेडिओवर १९९९ मध्ये कादंबरीकार पॉल ऑस्टर यांनी श्रोत्यांकडून गोष्टी मागवल्या. अट एवढीच, की गोष्ट खरी असावी आणि छोटी असावी. ही कल्पना मुळात त्यांच्या पत्नी, लेखिका सिरी हुस्टवेट यांची. चार हजारांहून अधिक गोष्टी आल्या; त्यांतल्या निवडक १७९ गोष्टींचं पुस्तक २००१ मध्ये निघालं. रेडिओवर मात्र त्या ऑस्टर स्वतः वाचत. २००५ मध्ये त्याच रेडिओनं ‘धिस आय बिलीव्ह’ हा पन्नाशीच्या दशकातला पत्रकार एडवर्ड मरो यांचा कार्यक्रम पुन्हा सुरू केला. पाचशेपर्यंत शब्द, साधारण तीन मिनिटं, उपदेश नको, स्वतःबद्दल बोला. आणि इथे लिहिणाऱ्यानंच वाचायचं. मला हा दुसरा मार्ग पटतो. ऑस्टर यांचं वाचन उत्तम असेल, पण अनेक माणसांच्या गोष्टी एकाच घडवलेल्या आवाजातून आल्या, की माणसं मागे पडतात आणि आवाज उरतो. आपल्याकडे तर हा प्रश्न आणखी तीव्र आहे. मालवणी माणसाचं लेखन मुंबईच्या निवेदकानं प्रमाण उच्चारांत वाचलं, तर त्यातलं अर्धं गाव हरवतं.

बोस्टनचे जुने पत्रकार ख्रिस्तोफर लायडन यांचं उदाहरण याहून जवळचं. २००३ मध्ये त्यांनी ब्लॉगलेखकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या आणि सॉफ्टवेअर विकसक डेव्ह वायनर यांनी त्या इंटरनेटवरून श्रोत्यांपर्यंत पोचवण्याची तांत्रिक वाट काढली. पॉडकास्टचा उगम ज्या मोजक्या प्रयोगांत आहे, त्यांतला हा एक. पुढे २००५ मध्ये लायडन यांनी ‘ओपन सोर्स’ हा कार्यक्रम सार्वजनिक रेडिओवर आणला आणि ब्लॉगलेखकांना तज्ज्ञांच्या बरोबरीनं चर्चेत बसवलं.

आता आपल्या कामाचं बोलते. ब्लॉगवरचा मजकूर जसाच्या तसा माइकसमोर वाचता येत नाही. समजा, एका परिचारिकेनं लिहिलंय: ‘कॉट क्र. १४ (पुरुष, वय ७२, नातेवाईक नाहीत) यांनी आज पहिल्यांदा जेवण मागितलं.’ डोळ्यांना हे चालतं. कानाला कंस ऐकू येत नाही, आणि वाक्य मुद्द्यावर येईपर्यंत ऐकणारा सुरुवात विसरलेला असतो. तेच असं होईल: ‘चौदा नंबरच्या कॉटवर एक आजोबा आहेत. बहात्तर वर्षांचे. भेटायला कोणी येत नाही. आज त्यांनी पहिल्यांदा जेवण मागितलं.’ आशय तिचाच, मांडणी कानासाठी. हे संस्करण तिच्या शेजारी बसून, तिला विचारून करायचं असतं. ती अडखळली तर अडखळू द्यावं. सराईत निवेदकाची लय तिच्यावर लादू नये. कथाकार व्यंकटेश माडगूळकरांनी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर वर्षानुवर्षं ग्रामीण कार्यक्रमांचं काम केलं. गावाचं बोलणं गावाच्याच तोंडून ऐकण्याचा हा वारसा आपल्याला नवा नाही.

शंका घेतली जाईल, की मोकळेपणानं लिहिणारी ही माणसं आकाशवाणीच्या प्रसारण संहितेत मावतील का? काही मावणार नाहीत, आणि त्यांनी मावण्यासाठी स्वतःला छाटून घ्यावं असं मी म्हणणार नाही. मात्र जिथे ओळ काढावी लागेल तिथे ती लेखकाला दाखवून काढावी. तो नको म्हणाला तर लेख परत द्यावा.

मोबदल्याबद्दल मी आग्रही आहे. इंटरनेटवरचं लेखन बेवारस नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिता क्षणी हक्क लेखकाचा होतो. नोंदणी लागत नाही. हक्क सोपवायचा तर लेखी करार हवा, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. ब्लॉगलेखकाला हे माहीत असेलच असं नाही, म्हणून ते सांगणं केंद्राचं कर्तव्य आहे. त्याच्या हाती रीतसर काँट्रॅक्ट पडावं, मानधन मिळावं, केवळ प्रसारणाचा हक्क घ्यावा, आणि लेखाच्या आधी व नंतर त्याचं नाव स्पष्ट उच्चारावं. नाव गाळून पुढे पाठवल्या गेलेल्या मजकुरानं या लेखकांना पुरेसं दुखावलं आहे.

आणि वेळ ठरलेली हवी. ‘गीतरामायण’ पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून दर आठवड्याला ठरलेल्या वेळी आलं, म्हणून माणसं त्यासाठी थांबली आणि कवी-संगीतकारही त्या वेळेला बांधले गेले. ‘जागा उरली तर वाजवू’ या बोलीवर कोणताही श्रोतृवर्ग तयार होत नाही, लेखकही नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे. पुढच्या तिमाहीच्या आखणीत आठवड्याला दहा मिनिटं या लेखनासाठी राखावीत; संध्याकाळची, घरी सगळे असतात तेव्हाची. पहिल्या वर्षी निवड मुंबई-पुण्याकडे न ठेवता रत्नागिरी, जळगाव, परभणी आणि सांगली या केंद्रांकडे सोपवावी. परदेशातल्या लेखकाला स्टुडिओत येता येणार नाही. त्याला फोनवर चांगलं ध्वनिमुद्रण कसं करावं, हे आपल्या अभियंत्यांनी शिकवावं. लेखनाची पहिली निवड करायला या सभागृहातले आपण सगळे आहोत. ते काम मानधनाशिवाय करायला मी आजच माझं नाव देते.