गुणाकार बरोबर, निष्कर्ष चूक

या परिषदेच्या निमंत्रणपत्रिकेवर तर्कशास्त्र आणि संभाव्यता ही दोन नावे शेजारी पाहून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. एकाचा कारभार रोखठोक, हो किंवा नाही. दुसरीचा सगळा ‘बहुधा’वर.

त्यांची सोयरीक मात्र जुनी. मदुराईला जन्मलेल्या ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या १८४७ च्या तर्कग्रंथाच्या नावातच अटळ आणि संभाव्य अशी दोन्ही अनुमाने होती. १८५४ मध्ये जॉर्ज बूल यांनीही एकाच ग्रंथात दोन्ही विषय मांडले. संगणकवाले त्यातला तर्क तेवढा आठवतात आणि संभाव्यतेची प्रकरणे खुशाल विसरतात! संभाव्यतेचे माप ० ते १. या दोन टोकांवर तर्काचेच नियम चालतात.

मधल्या प्रदेशात जपून.

‘धूर असेल तर अग्नी असतोच, अग्नी नाही, म्हणून धूर नाही’ हा युक्तिवाद बिनचूक. ‘आई निर्दोष असेल तर असे क्वचितच घडते, घडले तर आहे, म्हणून ती दोषी असणार’ हा वरवर तसाच दिसतो, पण फसवा आहे.

असा युक्तिवाद प्रत्यक्ष खटल्यातही झाला. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क यांची दोन तान्ही मुले दगावली आणि त्यांच्या मृत्यूचा आरोप आईवरच आला. १९९९ च्या खटल्यात एका नामवंत बालरोगतज्ज्ञाने साक्ष दिली: अशा सुखवस्तू घरात बाळाचा आकस्मिक मृत्यू ८,५४३ मध्ये एक. हा आकडा त्याच आकड्याने गुणला आणि दोन मृत्यूंची शक्यता निघाली सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. गुणाकार बरोबर, पण गुणायला सांगितले कुणी? सख्खी भावंडे, तेच घर, तेच आईबाप. दोन्ही मृत्यू एकमेकांपासून स्वतंत्र मानायला आधारच नव्हता. शिवाय आईने दोन तान्ह्यांचा जीव घेणे हेही दुर्मीळच. तुलना या दोन दुर्मीळ शक्यतांची व्हायला हवी होती. १७६३ साली छापला गेलेला थॉमस बेझ यांचा नियम त्यासाठीच आहे. क्लार्क यांना जन्मठेप झाली. २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने या आकड्यावर जाहीर हरकत घेतली. २००३ मध्ये त्या सुटल्या, तेही मुख्यतः बचाव पक्षापर्यंत न पोहोचलेल्या वैद्यकीय तपासणीच्या अहवालामुळे.

आजच्या सत्रांत वकील आणि संख्याशास्त्रज्ञ एकाच व्यासपीठावर बसणार आहेत. प्रत्येक वक्त्याने आकडा सांगण्याआधी त्यामागचे गृहीतक फळ्यावर लिहावे, ही स्वागत समितीची विनंती.