मुक्या जीवाचे मन आणि आपली जबाबदारी



आजचा विषय ऐकून घाटकोपरच्या एका तरुणाने मला विचारले, "सर, माणसांचे हक्क अजून पुरे मिळाले नाहीत, तिथे कुत्र्यांचे कसले हक्क?" प्रश्न रास्त आहे. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईत मणिभवनात बाबासाहेबांनी गांधीजींना सुनावले होते, की जिथे आम्हाला कुत्र्यामांजरांहून हीन वागवतात, पाणीही मिळू देत नाहीत, तो देश आमचा कसा म्हणावा? तो अपमान आपण विसरलेलो नाही. पण कोणाचे दुःख मोजायचे हे बलवानाने ठरवावे, हाच त्या अन्यायाचा पाया होता. तोच पाया आपण वापरायचा का?

आता विज्ञान पाहू. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाचे मेंदुशास्त्रज्ञ ग्रेगरी बर्न्स यांनी आपल्या 'कॅली' या कुत्रीला न बांधता, गुंगी न देता एमआरआय यंत्रात स्वस्थ राहायला शिकवले. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खाऊ मिळणार अशी हाताची खूण दिसताच मेंदूतील 'कॉडेट' हा भाग उद्दीपित झाला. आवडत्या गोष्टीची वाट पाहताना माणसाच्या मेंदूतही हाच भाग उद्दीपित होतो. यावरून कुत्रा माणसासारखा विचार करतो असे सिद्ध होत नाही. मात्र त्याला भावना नाहीत, असे म्हणणे अवघड झाले. म्हणून त्याला निव्वळ मालमत्ता मानू नये, असे बर्न्स यांनी मांडले.

आपल्या मुंबईत महापालिका वर्षानुवर्षे भटकी कुत्री पकडून मारीत असे. तरी प्रश्न सुटला नाही. १९९४ पासून मारणे थांबवून निर्बीजीकरण सुरू झाले. पुढे २००१ व २०२३ च्या केंद्रीय नियमांनीही निर्बीजीकरण व लसीकरणाचाच मार्ग धरला.

चावा बसलेल्या मुलाचे दुःखही तितकेच खरे आहे. करुणा म्हणजे डोळेझाक नव्हे. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि ताबडतोब दवाखान्यात जाऊन लस घ्या. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण सहसा वाचत नाही. वस्तीतील कुत्र्यांच्या निर्बीजीकरणासाठी व लसीकरणासाठी मंडळातर्फे पालिकेकडे अर्ज करा.

विद्यार्थी मित्रहो, प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी हे संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मधील कर्तव्य आहे, आणि पंचशीलातील पहिले शीलही तेच सांगते. दगड उचलू नका. उन्हाळ्यात दारात पाण्याचे एक भांडे ठेवा. पाणी नाकारले जाणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

जय भीम! नमो बुद्धाय!